होडीचा नांगर: कुठला घ्यावा, किती धरतो आणि कशाने तुटतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

होडी घेताना माणूस इंजिनाबद्दल दहा जणांना विचारतो. नांगर मात्र गावातल्या वेल्डिंगवाल्याला 'बारा किलोचा करून दे' एवढं सांगून आणतो. मी कोकणात फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. खडकावर आपटून बूड फुटलेली होडी माझ्याकडे आली की मी पहिली चौकशी नांगराची करतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. लोक मला फोनवर जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय. हे सगळं सहा ते बारा मीटरच्या होड्यांबद्दल आहे: मासेमारीच्या, पर्यटकांना फिरवणाऱ्या, किंवा हौसेने ठेवलेल्या.

नांगर जितका जड तितका चांगला धरतो ना?

नाही, आणि या समजुतीपायी फार नुकसान झालेलं पाहिलंय. नांगर वजनाने होडीला थोपवत नाही. तो तळात घुसतो, आणि त्याच्या पुढ्यातली वाळू किंवा चिखल होडीला थोपवतो. वजनाचं काम टोक तळात रुतवून देण्यापुरतं. पुढची पकड पात्याचं क्षेत्रफळ किती आणि ते किती खोल गेलं यावर ठरते.

नुसत्या वजनावर भिस्त ठेवायची तर काय होतं ते सिमेंटच्या ठोकळ्यावरून बघा. काठावर १०० किलो भरणारा ठोकळा पाण्यात गेला की जेमतेम ५७ किलोचा उरतो, कारण त्याने बाजूला सारलेलं पाणी त्याला वर उचलतं. लोखंडाचं वजन पाण्यात साधारण १३ टक्केच घटतं. वर, गुळगुळीत तळावर ठोकळा नुसता सरकतो. कायमच्या बांधणीसाठी ठोकळा ठेवायचाच असेल तर तो भरपूर मोठा हवा आणि वर्ष-दोन वर्षांत गाळात बसलेला हवा.

दगडी नांगर आपल्या किनाऱ्याला नवे नाहीत. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गाच्या परिसरात पाण्याखाली जुने दगडी नांगर मिळाले आहेत, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. त्यातल्या काही दगडांना खाली भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोकायची सोय आहे. म्हणजे नुसतं वजन पुरत नाही, तळाला टोचणारं काहीतरी लागतं, हे त्या काळच्या दर्यावर्दींना पक्कं ठाऊक होतं.

मजबुती आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

पूर्णपणे वेगळ्या. पकड म्हणजे तळ किती ओढ सोसेपर्यंत नांगराला सोडत नाही. मजबुती म्हणजे नांगर, शॅकल (पिनेने बंद होणारी जोडकडी), साखळी आणि दोर यांतलं काही वाकण्या-तुटण्याआधी किती ओढ सोसतं. पकड भरपूर आणि शॅकल कच्चं, किंवा साखळी ट्रकला शोभेल अशी आणि नांगर नुसता फरफटणारा, अशा दोन्ही जोड्या मी पाहिल्यात.

एकदा खाडीच्या मुखाशी रात्री एक होडी सुटली आणि पुळणीवर चढली. मालकाचं म्हणणं, नांगर घसरला. सकाळी ओहोटीला पोरांनी बुडी मारली, तर नांगर जागच्या जागी! दांड्यापर्यंत चिखलात गाडलेला, दोघांना हलवता आला नाही. होडीकडच्या साखळीची शेवटची कडी हातात घेतली, तीही धड होती. मधलं शॅकल तेवढं उघडं पडलं होतं. पिनेला तार बांधलेली नव्हती, लाटांच्या हिसक्यांनी ती फिरत फिरत निघून गेली होती. सगळा सरंजाम शाबूत, आणि बोटाएवढ्या पिनेपायी होडीचा कणा तडकला. तेव्हापासून शॅकलच्या पिनेच्या भोकातून तार ओवून तिला दोन पीळ दिल्याशिवाय मी कुणाची होडी पाण्यात सोडू देत नाही.

माझ्या होडीवर वाऱ्याने किती ओढ येते?

अमेरिकेतल्या बोटबांधणीच्या मानकांत यासाठी एक तक्ता वापरतात. साधारण ९ मीटरच्या होडीला १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वाऱ्यात अंदाजे ८० किलोची ओढ धरतात, ३० नॉटला ३२० किलो आणि ४२ नॉटच्या वादळी वाऱ्यात ६४० किलो. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे यातलं लक्षात ठेवायचं. उन्हासाठी वर ताडपत्री किंवा पत्र्याचं छत घातलं असेल तर ओढ आणखी वाढते. पर्यटकांच्या होड्यांना हे आवर्जून सांगतो, कारण छत नंतर चढवतात आणि नांगर जुनाच राहतो.

गावात वेल्ड करून मिळणारा चार दात्यांचा नांगर वापरू की नको?

वापरा, पण त्याला काय जमतं आणि काय जमत नाही ते ओळखून.

खडकाळ तळावर तो उत्तम. कपारीत एखादा दाता अडकला की होडी हलत नाही. चार बाजूंना दाते असल्यामुळे कसाही पडला तरी दोन दाते खाली असतातच. स्वस्त आहे, वाकला तर भट्टीत तापवून सरळ होतो, गेला तर जीव हळहळत नाही. आपल्या किनाऱ्यावर तो एवढा रुळलाय तो काही उगाच नाही.

मऊ चिखलात आणि वाळूत मात्र त्याची पकड फारच तोकडी. सळईच्या दात्याला पसरट पातं नसतं, त्यामुळे चिखलातून तो काट्याने दही कापावं तसा निघून येतो. दुसरा दोष खाडीत छळतो. खाली दोन दाते रुतले की वर दोन दाते उभे राहतात. दर सहा तासांनी पाणी फिरतं, होडी नांगराभोवती वळते, आणि ढिला पडलेला दोर त्या उभ्या दात्याला वेढा घालतो. पुढच्या ओढीला नांगर उलटा ओढला जातो. असा फरफटत गेलेला नांगर वर काढला तर लगेच ओळखू येतो: वरच्या दात्याला दोराचे दोन वेढे, आणि खालच्या दात्यांची टोकं वाळूने घासून चांदीसारखी चकचकीत.

वेल्डिंगवाल्याकडे हाच नांगर करायचा असेल तर दात्यांच्या टोकांना हाताच्या तळव्याएवढी पोलादी पाती लावून घ्या. फरक पहिल्याच दिवशी कळतो.

नांगर घडवून घेताना मजबुतीसाठी काय बघायचं?

दांडा आणि दाते जिथे जुळतात तो सांधा. सगळी ओढ तिथे एकवटते. वरवर लावलेला टाका गोळा होऊन फुगलेला दिसतो, आत शिरलेला नसतो. सळईची कडा आधी घासून उतरती करून घ्या आणि मग भरायला सांगा. बांधकामाची पिळाची सळई टाळा, साधी गोल सळई घ्या. पिळाच्या बऱ्याच सळयांची बाहेरची साल कडक केलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ती ताकद निघून जाते.

दांड्याच्या टोकाची कडी आतून गोल आणि गुळगुळीत हवी. रंगापेक्षा जस्ताचा गरम मुलामा कधीही चांगला. आणि नवा नांगर घेतल्यावर एकदा झाडाला अडकवून ट्रॅक्टरने आडवा ओढून बघा. आडव्या ओढीत दांडा वाकणं हा नांगराचा नेहमीचा आजार आहे. नावाजलेल्या बनावटीचे नांगरही दांड्यात हलक्या प्रतीचं पोलाद वापरल्यामुळे वाकल्याचं उघडकीला आलेलं आहे.

दोन पसरट पात्यांचा चपटा नांगर कसा असतो?

हा डॅनफोर्थ. अमेरिकेत रिचर्ड डॅनफोर्थ यांनी १९४० च्या सुमाराला तो काढला, आणि दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या बोटी याच नांगराच्या जोरावर स्वतःला परत खोल पाण्यात ओढून घेत. दोन मोठी पाती दांड्याभोवती दोन्ही बाजूंना साधारण ३० अंश फिरतात. वजनाच्या मानाने क्षेत्रफळ भरपूर, म्हणून वाळूत आणि चिखलात याची पकड थक्क करणारी आहे.

याच जातीचा फोर्ट्रेस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, हाताने सहज उचलता येणारा. त्याचा कोन वाळूसाठी ३२ आणि मऊ चिखलासाठी ४५ अंश असा बदलता येतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या मऊ चिखलात अनेक नांगरांची चाचणी झाली, तिच्यात तो ४५ अंशावर इतरांच्या पुष्कळ पुढे राहिला. चाचणी त्याच कंपनीने भरवली होती, हे ध्यानात ठेवावं. पण बाहेरच्या जाणकारांसमोर झाली होती, आणि कारणही समजण्यासारखं आहे. मऊ चिखलाला स्वतःची ताकद नसते. तिथे पात्याचा पसारा मोठा लागतो आणि कोन तिरका जास्त लागतो.

दोष दोन. खडकावर आणि शेवाळी तळावर तो नुसता घसरत जातो. आणि पाणी फिरल्यावर होडीने दुसऱ्या बाजूने ओढलं की कधीकधी उपटून निघतो. पात्यांच्या खाचेत शिंपला किंवा दगड अडकला असेल तर परत बसत नाही. ठाणे खाडी किंवा मुंबई बंदराच्या गाळात दिवसा उभं राहायला छान. रात्रभर पाणी दोनदा फिरणार असेल तर त्याच्या एकट्याच्या भरवशावर झोपू नये.

शेतातल्या नांगरासारखा दिसणारा नांगर म्हणजे कुठला?

मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे हा प्रश्न विचारताना लोकांना स्वतःलाच हसू येतं. हा सीक्यूआर. जी. आय. टेलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी तो काढला, कारण विमानात जड नांगर नेता येत नव्हता. फाळ दुतोंडी, दांड्याला बिजागरी, त्यामुळे होडी थोडी वळली तरी फाळ जागचा हलत नाही. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीला डेल्टा आला. त्याला बिजागरी नाही आणि टोकाला वजन जास्त, त्यामुळे तो पडल्या पडल्या टोक खाली करून शिरतो. दोन्हींची मजबुती चांगली. पकड मध्यम, कारण नांगरटीचा फाळ माती दोन्ही बाजूंना सारण्यासाठी असतो आणि आपल्याला ती पुढ्यात अडवायची असते.

पंजासारखा ब्रूस १९७० च्या दशकातला, उत्तर समुद्रातल्या तेलाच्या कामाच्या निमित्ताने पुढे आलेला. एकसंध ओतीव, बिजागरी नाही की जोड नाही, म्हणून मजबूत. पटकन बसतो, उपटला तर पुन्हा बसतो, खडकातही बरा. पण किलोमागे पकड कमी, म्हणून हा घ्यायचा तर एक माप मोठा घ्या.

नवे रोल-बारवाले नांगर खरंच एवढे चांगले आहेत?

माझं मत विचाराल तर हो. स्पेड हा फ्रान्सचा, १९९० च्या दशकातला, रोक्ना न्यूझीलंडचा, २००० नंतरचा, मँटस अमेरिकेचा. यांचं पातं फावड्यासारखं आतून खोलगट असतं, म्हणजे माती बाजूला न सारता अडवून धरतं. टोक धारदार. रोक्ना आणि मँटसला मागे जी कमान, म्हणजेच रोल-बार, असते तिच्यामुळे नांगर उलटा पडूच शकत नाही, लोळून टोकावर येतो. ही कमानीची कल्पना त्याआधी जर्मन ब्युगल नांगरात आली होती. १५ किलोच्या आसपासच्या अशा नांगरांनी चांगल्या वाळूत एक टनाहून जास्त ओढ सोसल्याचं स्वतंत्र चाचण्यांत दिसलं आहे. वरच्या हिशेबातली ६४० किलोची वादळी ओढ यापुढे कमीच ठरते.

त्याहून मोठा गुण म्हणजे पाणी फिरल्यावर ते बहुतेक वेळा तळ न सोडताच वळतात. खाडीत रात्रभर होडी ठेवणाऱ्याला याचं मोल कळेल. किंमत जास्त आहे हे मान्य. पण मी फायबरचं बूड बदलायला जेवढं बिल लावतो त्याच्याशी एकदा ताडून पाहा.

मोठ्या जहाजांचा नांगर लहान करून वापरला तर?

नको. तो नांगर नळीत ओढून घेणं सोपं जावं म्हणून तसा आहे. पकडीत तो वजनाच्या मानाने कच्चा, आणि जहाज त्याची भरपाई जाडजूड साखळीने करतं. जहाजांची तपासणी करून दर्जा ठरवणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या नियमांत 'उच्च पकडीचा' नांगर म्हणजे त्याच वजनाच्या साध्या जहाजी नांगराच्या किमान दुप्पट धरणारा, आणि 'अति उच्च पकडीचा' म्हणजे किमान चौपट. नवे खोलगट नांगर विकत घेताना हा शेरा आहे का बघा.

दोर किती सोडायचा?

पाण्याची खोली, त्यात होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची, आणि त्यात येणारी भरती. या बेरजेच्या पाच पट साखळी, किंवा सात पट दोर. लोक भरती विसरतात. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. ओहोटीला २ मीटर पाण्यात नांगर टाकला, नाळ १ मीटर उंच, म्हणून २१ मीटर दोर सोडला. भरतीला पाणी ४ मीटर चढलं की तोच दोर तीन पट उरतो.

तीन पटीला ताणलेला दोर तळाशी साधारण १९ अंशांचा कोन करतो, पाच पटीला साडेअकरा, सात पटीला आठच. कोन वाढला की दोर नांगराला आडवं ओढण्याऐवजी वर उपटायला लागतो. जगातला सर्वोत्तम नांगर तीन पट दोरावर सुटतो आणि साधा नांगर सात पटीवर तग धरतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

साखळी हवीच का? आमच्याकडे सगळे नुसती पीपी रस्सी वापरतात.

पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, रस्सी पाण्यावर तरंगते. म्हणजे नांगराकडचं टोकच वर उचललं जातं, आणि खडकाच्या धारेवर ती घासून तुटते. निदान होडीच्या लांबीएवढी साखळी नांगराला लावा आणि पुढे नायलॉनचा दोर जोडा. नायलॉन ताणतं, लाटेचा हिसका पिऊन टाकतं.

आकडे सांगतो. ८ मिलिमीटरची साधी ग्रेड ३० साखळी साधारण ३ टनांना तुटते आणि मीटरला सव्वा ते दीड किलो भरते. १० मिलिमीटरची साधारण पावणेपाच टनांना. पण दोराला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. पीळ उकलून विणून घेतलेला जोड जेमतेम दहावा हिस्सा गमावतो. विणायला तांडेलाकडून (होडीच्या म्होरक्याकडून) शिका, अर्ध्या तासाचं काम आहे.

नांगर बसला हे कसं ओळखायचं?

नाळेवरून हळू सोडा, ढीग करून फेकू नका. होडी मागे जाऊ द्या, दोर पुरता सोडून बांधा, मग इंजिन मागे घालून हळूहळू जोर वाढवा. काठावर दोन खुणा धरा, देवळाचा कळस आणि त्यामागचा माड अशा. त्या एका रेषेत राहिल्या तर नांगर बसला.

दोरावर अनवाणी पाय किंवा तळहात ठेवा. बसलेल्या नांगराचा दोर ताणतो, सैलावतो, पण शांत असतो. घसरणारा नांगर दोरातून बोलतो: वाळूत बारीक खरखर, खडकावर टकटक, चिखलात मधूनच एक मऊ धक्का. अंधारात खुणा दिसत नाहीत तेव्हा याच्याइतकं खात्रीचं काही नाही.

खडकात अडकला तर?

टाकण्याआधीच नांगराच्या बुडाला एक बारीक दोर आणि त्याला बोया (तरंगता गोळा) बांधून ठेवा. अडकला तर बोयाच्या बाजूने, उलटा ओढा. नसेल बांधला तर भरती येईपर्यंत थांबा, दोर आखूड करून होडीलाच उचलू द्या. इंजिनाने पुढे हिसके मारू नका, दांडा वाकतो.

वादळाची सूचना आली तर दोन नांगर टाकू का?

आधी खाडीत आत शिरा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात भर समुद्रात नांगरलेली पी-३०५ ही बार्ज नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. कितीतरी कामगारांचे प्राण गेले. तिथे आपल्या होडीचा काय पाड. आत जागा मिळाल्यावर दोन नांगर नाळेपासून फाकवून, इंग्रजी व्ही अक्षरासारखे, मधे ४५ ते ६० अंश ठेवून टाका. दोर घासतात तिथे जुन्या पाइपचा तुकडा ओवा. छत उतरवा. आणि नांगर कितीही चांगला असला तरी माणसांनी काठावर यावं.

मग मी नक्की कुठला घेऊ?

खाडी आणि वाळूच्या मुखाशी राहणाऱ्या ९ मीटरच्या होडीला १५ किलोचा खोलगट रोल-बारवाला, १० मीटर साखळी, ६० मीटर नायलॉन. मुंबईसारख्या गाळात राहणाऱ्याने जोडीला फोर्ट्रेससारखा चपटा ठेवावा. खडकांत काम करणाऱ्याने पाती लावलेला चार दात्यांचा. पैसे एकालाच पुरत असतील तर पहिला.

मालवणला पर्यटकांना घेऊन जातो, तिथे काही वेगळी काळजी?

हो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे. त्यावर नांगर पडला की एका फटक्यात कित्येक वर्षांची वाढ मोडते, आणि साखळी गोल फिरत उरलेलं घासून काढते. बांधायला बोया असेल तर बोयालाच बांधा. नसेल तर पाणी निवळ असताना खाली बघा. काळपट डाग म्हणजे खडक किंवा प्रवाळ, फिकट हिरवट पट्टा म्हणजे वाळू. नांगर त्या फिकट पट्ट्यात सोडा. तिथे तो धरतोही जास्त चांगला.